पहिलं गाणं कितीला पडतं?

कुर्ल्याच्या रॅपर नेझीने 2014 मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडवरच रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच काढला. 2019 मध्ये त्याच्यासारख्या रॅपरांवर बेतलेला ‘गली बॉय’ हा सिनेमा आला आणि हा किस्सा इतका फिरला की रॅप फुकटात होतो असं पोरांना वाटू लागलं. फुकटात होत नाही. पण स्टुडिओवाले आणि ‘प्रमोशन’वाले सांगतात तेवढा महागही नाही. माझं मत आधीच सांगतो: सुरुवातीची आठ-दहा गाणी होईपर्यंत माइक विकत घेऊ नका, व्हिडिओसाठी कर्ज काढू नका. पैसा घालायचाच तर बीटच्या कागदावर आणि मिक्सिंगवर घाला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बीटमध्येच. यूट्यूबवर ‘फ्री’ म्हणून टाकलेला बीट बहुतेक वेळा कमाई न करण्याच्या अटीवरच फ्री असतो. गाणं स्पॉटिफायवर चढवलंत की लीज, म्हणजे वापराचा परवाना, घ्यावी लागते. ऑनलाइन लीज साधारण 20 ते 50 डॉलरला, म्हणजे दोन ते साडेचार हजारांच्या आसपास मिळते. तिच्यात अमुक इतक्या स्ट्रीमपर्यंतच वापर, अशी मर्यादा असते. ती ओलांडली की पुन्हा पैसे. अमेरिकी रॅपर लिल नास एक्सने ‘ओल्ड टाउन रोड’ या गाण्याचा बीट असाच 30 डॉलरला घेतला होता. पुढे कळलं की त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या एका जुन्या तुकड्याचं सॅम्पल आहे, आणि मग श्रेय-हक्कांची मांडणी नव्याने करावी लागली. लीजचा बीट आणखी शंभर जणांकडेही असू शकतो. म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या (गाणी सगळीकडे चढवणाऱ्या सेवेच्या) फॉर्ममधल्या यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’च्या चौकटीत टिक करू नका. केलीत तर दुसऱ्यांच्या गाण्यांवर तुमचे दावे जातात, आणि भांडण तुमच्या दारात येतं.

त्यापेक्षा आपल्याच गावातला बीटमेकर गाठा. नवखा असेल तर दोन ते पाच हजारांत काम होतं, आणि ‘हुकच्या आधी ढोलकी दोन मात्रा थांबव’ हे त्याला समोर बसून सांगता येतं. व्यवहार मात्र कागदावर हवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्कांचं तोंडी हस्तांतरण चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा कागदावर मुदत, ‘जगभर’ आणि कोणाचा किती टक्के वाटा, हे तिन्ही लिहून दोघांनी सह्या करा. दोस्तीत कशाला कागद, असं म्हणणारा दोस्त गाणं चालल्यावर काय म्हणतो ते विचारू नका. लेबलचा करार आला तर हीच कलमं उलट बाजूने वाचा: मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) कोणाचा, किती वर्षं, आणि मिळालेला अ‍ॅडव्हान्स तुमच्याच कमाईतून वळता होणार का. बहुतेकदा होतो.

रेकॉर्डिंगला मुंबई-पुण्यातल्या छोट्या स्टुडिओत तासाला साधारण 500 ते 1,000 रुपये पडतात. बऱ्यापैकी कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन घ्यायचे तर वीस-पंचवीस हजार गेले. तेवढ्यात स्टुडिओचे पंचवीस-तीस तास येतात. तालीम घरी करा: कपड्यांनी भरलेलं कपाट उघडायचं, पाठीमागे गोधडी टांगायची, पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून झाल्या की टेक घ्यायचा. रेकॉर्डिंगसाठी बँडलॅब फुकट आहे. श्वास कुठे तुटतो, कुठला शब्द जिभेवर अडतो, हे इथेच कळलं तर स्टुडिओत तीन तासांत मुख्य टेक, डब आणि अ‍ॅडलिब सगळं उरकतं.

मिक्स-मास्टरचे 3,000 ते 8,000. इथे घासाघीस करू नका, पण काय काय मिळणार ते आधी ठरवा: किती वेळा बदल करून देणार, आणि मुख्य आवाज काढून फक्त हुक-डब ठेवलेला ट्रॅक देणार का. स्टेजवर तोच लागतो. नंतर मागितला की वेगळे पैसे.

गाणं सगळीकडे चढवायला डिस्ट्रोकिडसारख्या सेवा वर्षाला साधारण दोन हजार घेतात. वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात, हे बारीक अक्षरात असतं. राउटनोटची फुकट योजना आहे, ती कमाईतले 15 टक्के ठेवते. पहिल्या वर्षाला मी तीच घेईन, कारण 15 टक्के कशाचे हाच प्रश्न असतो. 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम नसलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीची दमडीही मिळत नाही.

आता एका गाण्याचा हिशोब: बीट 2,500, स्टुडिओ तीन तासांचे 2,100, मिक्स-मास्टर 4,000, कव्हर 800, डिस्ट्रिब्यूशन 2,000 (राउटनोटची फुकट योजना घेतलीत तर हे वाचतात). झाले 11,400.

यात व्हिडिओ नाही. तो घेतलात की चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मित्राचा फोन, तुमची गल्ली आणि संध्याकाळचं ऊन पुरे. लोकल किंवा प्लॅटफॉर्म हवा असेल तर रेल्वेची परवानगी आधी काढा.

‘50,000 स्ट्रीम 3,000 रुपयांत’ म्हणणाऱ्याला ब्लॉक करा. ते बॉटचे स्ट्रीम असतात. पकडले गेले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्यूटरला दंड लावतं, तो तुमच्याकडून वसूल होऊ शकतो आणि गाणंही उडतं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायला एक पैसा लागत नाही. प्रदर्शनाच्या किमान सात दिवस आधी पाठवायचं, इतकंच.

कमाई खरी होते ती स्टेजवर: कॉलेजची गॅदरिंग, गणेश मंडळं, 14 एप्रिलचे आंबेडकर जयंतीचे कार्यक्रम. लोकशाहीर वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलेल्या वस्त्यांत शब्दांना दाद देणारा श्रोता तयार असतो. निवडणुकीत उमेदवाराचं गाणं करायलाही पैसे मिळतात. घ्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, फक्त संपूर्ण रक्कम आधी घ्यावी, कारण निकालानंतर फोन उचलला जात नाही. एरवी निम्मा अ‍ॅडव्हान्स, आणि प्रवासखर्च वेगळा. लाउडस्पीकर बहुतेक दिवशी रात्री दहाला बंद होतो, म्हणून मानधन ‘इतकी मिनिटं’ असं न ठरवता ‘हजेरीचं’ ठरवा. आधीची भाषणं लांबली तर तुमची दोनच गाणी होतात आणि आयोजक निम्मे पैसे हातावर ठेवतो.

नोकरी सोडायचा विचार सलग सहा महिने शोमधून घरखर्च निघाल्यावर करा. पहिलं गाणं आलं की गीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा करारात लिहूनही कंपनीला गिळता येत नाही. यूट्यूबचे पैसे सुरू झाले तर अ‍ॅडसेन्समधली अमेरिकी कराची माहिती भरा, नाहीतर जगभरच्या कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. आणि मोठ्या आयोजकाने मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला असेल तर पॅन दिलात का ते तपासा. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो.