चाकांवरचा आरसा : मोबाइलने गाडीचे फोटो काढताना

मित्रांनो, सुरुवातीलाच माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी निम्मं आजीचं आणि निम्मं मेसमधल्या मावशींचं आहे. चुका राहिल्या असतील तर पोटात घाला.

हॉस्टेलमध्ये दर रविवारी कोणीतरी दारात उभं राहून विचारतं, "अगं, कुठला मोबाइल घेऊ? कॅमेरा भारी पाहिजे." आपल्या रेसिंग टीमलाही स्पॉन्सरला पाठवायला गाडीचे फोटो लागतात. मी हे सगळं गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकले, तेही एक चांगला दणका खाऊन. म्हणून हा लेखनप्रपंच.

कोल्हापूरला माझ्या मामांचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे. हल्ली गिऱ्हाईक आधी फोटो बघतं, मग फोन करतं. मामांचे फोटो म्हणजे भर दुपारी काढलेले, मागे वाळत घातलेले कपडे, आणि काचेत स्वतः मामा! त्यांनी मला ४० हजार रुपये दिले आणि म्हणाले, "बाळा, तुझं ते इंजिनिअरिंग आमच्या काही उपयोगाला येतंय का बघ."

पहिला धडा : सगळे पैसे मोबाइलवर घालवू नका

२०१४ साली बेंटली कंपनीने 'इंटेलिजंट डिटेल्स' नावाची जाहिरात-फिल्म आयफोन ५एसवर चित्रित केली आणि आयपॅड एअरवर एडिट केली. तो फोन आज कोणी फुकटसुद्धा घेणार नाही. पण त्याच्याभोवती वेगळी लेन्स, कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि जाणकार माणसं होती. यातून मी माझा हिशेब ठरवला : वापरलेला पण चांगला मोबाइल २६ हजार, गिंबल ७ हजार, वायरलेस माइक ३ हजार, ट्रायपॉड दीड हजार आणि चिमट्याने लागणारे फिल्टर दीड हजार. एकूण ३९ हजार. उरलेल्या हजारात गाडी पुसायची फडकी, शाम्पू आणि मिसळ!

दुसरा धडा : मोबाइलमध्ये काय बघायचं?

मेगापिक्सेल मोजत बसू नका. तीन गोष्टी बघा.

१) लांबची लेन्स. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असते, साधारण २४ मिमीच्या तोडीची. ४ मीटर लांबीची हॅचबॅक घ्या. बंपरपासून ३ मीटरवर उभं राहिलात तर मागचा दिवा ७ मीटरवर. म्हणजे पुढचा भाग मागच्यापेक्षा सव्वादोन पटीहून मोठा दिसणार. गाडीला बेडकाचं तोंड येतं ते यामुळे. तेच ९ मीटरवर गेलात तर १३ भागिले ९, म्हणजे जेमतेम दीडपट. म्हणून मागे सरका आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा. ज्या फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स नाही, त्यातही पर्याय असतो. उदाहरणार्थ, आयफोन १५ (२०२३) मध्ये ४८ मेगापिक्सेल सेन्सरचा मधला १२ मेगापिक्सेलचा भाग वापरून २एक्स मिळतो. नुसतं बोटांनी ताणून मोठं करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

२) हाताने सेटिंग करण्याची सोय. कॅमेरा सगळं जग करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे पांढरी गाडी मळकट येते आणि काळी गाडी धुरकट. पांढरीला एक्स्पोजर थोडं वाढवा, काळीला कमी करा आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून ते लॉक करा. व्हाइट बॅलन्सही लॉक करता आला पाहिजे, नाहीतर एकाच व्हिडिओत गाडी दोन रंगांची दिसते.

३) जागा. आयफोनवर ४के व्हिडिओ ३० फ्रेमने काढला तर मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. दिवसात २० मिनिटं शूटिंग केलं की ३.४ जीबी संपले. मित्राच्या लग्नाचे फोटो आधी डिलीट करा.

तिसरा धडा : उजेड

गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. आपण गाडीचा फोटो काढत नाही, गाडीत जे दिसतं त्याचा काढतो. म्हणून आधी गाडीकडे पाठ करून समोर काय आहे ते बघा. मोकळं आकाश, सपाट भिंत, रिकामं मैदान उत्तम. सूर्य नुकताच मावळलेला असतो ती वीस-पंचवीस मिनिटं सोन्याची. ढगाळ दिवसही छान. स्वतः गडद कपडे घाला, नाहीतर दारावर तुमचाच टी-शर्ट चमकेल.

शोरूममध्ये ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात.

चौथा धडा : फिल्टर

व्हिडिओत हालचाल नैसर्गिक दिसायला २५ फ्रेमला शटर १/५० लागतं. पण कडक उन्हात, आयएसओ ५० आणि एफ/१.८ ला, योग्य शटर येतं साधारण १/४०००. म्हणजे प्रकाश ८० पट जास्त! मोबाइलचं छिद्र बहुधा लहान-मोठं करता येत नाही. म्हणून एनडी ६४ हा गडद फिल्टर लावायचा. तो प्रकाश ६४ पट कमी करतो. म्हणजे गाडीला गॉगल.

दुसरा फिल्टर पोलरायझर. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधला ब्रूस्टर अँगल आठवतोय का? मी तो फक्त पाच मार्कांसाठी पाठ केला होता. काचेचा किंवा रंगावरच्या पारदर्शक लॅकरचा अपवर्तनांक साधारण १.५, म्हणून कोन येतो ५६ अंश. या कोनाच्या आसपास फिल्टर फिरवला की काचेवरची चमक जादूसारखी नाहीशी होते आणि आतल्या सीट दिसतात. क्रोमवर मात्र परिणाम होत नाही, कारण तो धातू. बाजूच्या टफन्ड काचेवर कधी कधी ठिपके-ठिपके दिसतात. ते काचेतले ताण आहेत, मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

पाचवा धडा : माइक, गिंबल आणि ऊन

बोलणाऱ्याच्या कॉलरला माइक आणि त्यावर केसाळ टोपी लावा, नाहीतर वाऱ्याची फडफडच ऐकू येते. गिंबल धरून गुडघे किंचित वाकवून चाला. मोबाइल थेट बाइकच्या हँडलला बांधू नका. जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे. आणि आयफोन वापरायला ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य मानलं जातं. आपला एप्रिल-मे काय असतो ते तुम्ही जाणताच. सावली ठेवा.

आता तो दणका

एक पांढरी हॅचबॅक होती. मागचं डावं दार कधीतरी ठोकलेलं, डेंट काढून पुन्हा रंगवलेलं, पण थोडा खळगा राहिलेला. मी संध्याकाळच्या मऊ उजेडात पोलरायझर लावून फोटो काढले. खळगा गायब! मला इतका आनंद झाला की मी ते फोटो हॉस्टेलच्या ग्रुपवरही टाकले.

आठवड्याने पंढरपूरहून एक शाळामास्तर एसटीने आले. पाच हजार टोकन आधीच पाठवलेलं. त्यांनी दारावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "बाळ, हे फोटोत का नव्हतं?" मला काही उत्तर सुचलं नाही. मी मुद्दाम लपवलं नव्हतं, असंही मला म्हणता येईना. कारण खळगा दिसत नाहीसा झाल्यावर मी खूश झाले होते, हे मला माहीत होतं.

मामांनी टोकन परत केलं, वर एसटीचं भाडं दिलं. सर गेल्यावर एवढंच म्हणाले, "फोटो लई झ्याक काढलास. पण आपण गाडी विकतो, फोटो नाही."

नंतर मी वाचलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरातसुद्धा दिशाभूल करणारी धरली जाते. पण त्या सरांचा चेहरा मला कायद्यापेक्षा जास्त लक्षात राहिला.

म्हणून सहावा धडा : दोष कसा दाखवायचा?

फिल्टर काढा. गाडी अशी लावा की दारात एखादी सरळ रेघ दिसेल, भिंतीची कड किंवा ट्यूबलाइट. जिथे खळगा असेल तिथे ती रेघ वाकते. डेंट काढणारे कारागीरही पट्ट्यांचा दिवा धरून असंच तपासतात. मग एक फोटो लांबून आणि एक जवळून, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. नंबरप्लेट मात्र झाका, ती गाडीमालकाची खाजगी बाब आहे.

त्या हॅचबॅकचे फोटो मी असे पुन्हा काढले. गाडी दीड महिन्याने गेली आणि आधी ठरलेल्या किमतीपेक्षा १२ हजार कमी आले. मामा त्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या गाडीला मात्र स्वतःहून विचारलं, "ओरखड्याचा फोटो घेतलास का?"

तर मित्रांनो, मोबाइल तुमच्या बजेटप्रमाणे घ्या, पण मागे सरका, उजेड बघा आणि फिल्टर कधी काढायचा ते शिका. आमच्या टीमलाही हेच सांगणं आहे : स्पॉन्सरला वेल्डिंग जसं आहे तसं दाखवा.

आणि हो, पोलरायझर पाहिजे असेल तर हॉस्टेलवर निरोप ठेवा, देईन. परत मात्र आणून द्या, मागच्या वेळचा कॅल्क्युलेटर अजून आलेला नाही!