फोनची मेमरी आणि दुकानाची वही

लहान व्यापाऱ्याचा बराचसा कारभार आता खिशातल्या फोनवर चालतो. मालाचे नमुने फोनवर येतात, गिऱ्हाईक ऑर्डर फोनवर देते, पैसे यूपीआयने जमा होतात आणि उधारीची नोंदसुद्धा पुष्कळजण आता फोनमध्येच ठेवू लागले आहेत. घरबसल्या शिवणकाम किंवा मसाल्यांचा धंदा करणाऱ्या भगिनींचे तर दुकान म्हणजेच फोन. परंतु हा फोन घेताना बहुधा स्वस्तातला घेतलेला असतो, ३२ किंवा ६४ जीबीचा, आणि वर्ष-दीड वर्षात तो 'मेमरी फुल' असा इशारा देऊ लागतो. हा इशारा नेमका ईद-दिवाळीच्या गर्दीत येतो. यात नवल काही नाही. फोटो, व्हिडिओ आणि ऑर्डरी त्याच दिवसांत वाढतात.

मग घाई होते. समोर गिऱ्हाईक उभे, पैसे घेण्याचे ॲप नवे करून मागते आणि त्याला जागा नाही. मालक फोन मुलाच्या किंवा कारागिराच्या हाती देतो, 'काहीतरी पुसून टाक' म्हणतो, आणि तो मुलगा जे मोठे दिसेल ते पुसून टाकतो. खरे नुकसान इथे होते. व्यापाऱ्याने पाठवलेल्या चलनाचा फोटो, 'पंधरा तारखेला बाकी देतो' असा देणेकऱ्याचा संदेश, मापांची यादी, हे सगळे त्या दहा मिनिटांत जाते. गुड मॉर्निंगची फुले मात्र जागच्या जागी राहतात.

हे नुकसान लहानसहान नव्हे. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने आपली हिशेबपुस्तके आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवली पाहिजेत, असे २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या ३६ व्या कलमात सांगितले आहे. नोंदणी नसली तरी उधारी कोणाला चुकली आहे? विकलेल्या मालाची किंमत वसूल करण्यासाठी दावा लावायची मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते. तेवढा काळ तरी कागद किंवा संदेश हाताशी हवा. म्हणून फोनची जागा रिकामी करणे हे काम साफसफाईचे नसून हिशेबाचे आहे असे धरून चालावे: आधी नोंद वेगळी काढायची, मग कचरा काढायचा.

'चार-चौसष्ट' म्हणजे काय

दुकानदार फोन विकताना 'चार-चौसष्ट' असे म्हणतो. त्यातील पहिला आकडा रॅमचा. ॲप चालू असताना ते जिथे काम करते ती ही जागा. फोन बंद केला की ती रिकामी होते. दुसरा आकडा साठवणीचा, आणि आपला प्रश्न त्याच्याशी आहे. पुष्कळ लोक दोन्हींत गल्लत करतात आणि फोटो पुसूनही फोन संथ का, म्हणून वैतागतात.

शिवाय जेवढा आकडा खोक्यावर छापलेला असतो तेवढी जागा हाती येत नाही. कारखानदार १ जीबी म्हणजे १,००० एमबी धरतो, तर संगणक पुष्कळदा १,०२४ च्या पटीत मोजतो. त्यामुळे ३२ जीबीचे तिथे २९.८ च होतात. त्यातून खुद्द फोनची यंत्रणा आणि कंपनीने आधीच घालून दिलेली ॲप कित्येक जीबी खातात. २०१४ मध्ये भारतात अँड्रॉइड वनचे पहिले फोन आले तेव्हा त्यांची अंतर्गत साठवण अवघी ४ जीबी होती. आज तेवढ्या जागेत फोनची यंत्रणासुद्धा मावणार नाही.

जागा अगदी काठोकाठ भरली की फोन रेंगाळतो, त्याचेही कारण आहे. फोनमध्ये वापरतात ती फ्लॅश मेमरी जपानी अभियंता फुजियो मासुओका यांनी तोशिबा कंपनीत असताना १९८० च्या दशकात विकसित केली. तिच्यात जुन्यावरच नवे लिहिता येत नाही. आधी एक अख्खा कप्पा पुसावा लागतो, मग त्यात लिहिता येते. रिकामे कप्पे शिल्लक नसले की प्रत्येक लहानशा नोंदीसाठी आतल्या आत हलवाहलव करावी लागते. गोदाम छतापर्यंत भरले की एक तागा काढायला दहा तागे हलवावे लागतात, तसाच हा प्रकार. म्हणून एकूण जागेचा दहावा हिस्सा तरी नेहमी मोकळा असावा. अँड्रॉइड फोन साधारणपणे ५०० एमबी उरल्यावर इशारा देतो. तोपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय.

भरते कशाने?

सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडले की कोणते ॲप किती जागा खाते ते दिसते. धंदा करणाऱ्यांच्या फोनवर पहिला क्रमांक बहुधा व्हॉट्सॲपचा असतो. हिशेबच करून पाहू. समजा, मालेगावच्या एका कापड दुकानदाराला सुरतचा एक व्यापारी रोज साड्यांचे ४० फोटो पाठवतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आकुंचन पावलेला असतो. तो सरासरी २०० केबीचा धरला तर दिवसाला ८ एमबी, महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांत २०८ एमबी आणि वर्षाला अडीच जीबी होतात. असे चार व्यापारी असले तर वर्षात १० जीबी गेले, आणि त्यांतल्या बहुतेक साड्या विकून किंवा बाजारातून उठून गेलेल्या असतात. हा मेलेला माल आहे.

व्हिडिओचे गणित याहून जड. नेहमीच्या १०८० दर्जाचा एका मिनिटाचा व्हिडिओ १०० ते १३० एमबी घेतो. दहा मिनिटांत एक जीबी संपतो. गिऱ्हाईकाला माल दाखवायला ७२० चा दर्जा पुरेसा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तो एकदा बदलून ठेवावा.

काही जागा नजरेआड जाते. आपण गॅलरीतून फोटो पाठवला की त्याची दुसरी प्रत व्हॉट्सॲपच्या 'सेंट' कप्प्यात राहते. एकच कॅटलॉग तीनदा उतरवून घेतला की तीन प्रती होतात. पुसलेले फोटो गॅलरीच्या कचरापेटीत पुष्कळ फोनमध्ये ३० दिवस पडून असतात, त्यामुळे सकाळी २ जीबी पुसले तरी मोकळी जागा तितकीच दिसते. पेटी रिकामी केल्यावरच ती मिळते. आणि गुड मॉर्निंगविषयी काय सांगावे! २०१८ च्या आरंभी अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलनेही भारतीयांचे फोन या शुभेच्छांनी भरून जात असल्याची बातमी दिली होती. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये आणलेले 'फाइल्स गो' हे ॲप, जे आता 'फाइल्स बाय गूगल' म्हणून ओळखले जाते, अशीच चित्रे आणि दुबार प्रती शोधून देते. विनामूल्य आहे, आणि सफाईच्या नावाखाली जाहिरातींचा मारा करणाऱ्या इतर 'क्लीनर' ॲपपेक्षा पुष्कळ बरे. ती इतर ॲप घेऊच नयेत असे आमचे मत आहे. जागा करण्यासाठी आणखी एक ॲप जागेत आणून बसवायचे, आणि वर त्याला सगळ्या फाइली पाहण्याची परवानगी द्यायची, हा उलटा व्यवहार झाला.

आधी नोंद बाहेर काढा

पुसण्याला हात घालण्यापूर्वी बिले, चलने, बँकेच्या पावत्या आणि उधारीचे संदेश बाजूला काढावेत. यासाठी संगणकच हवा असे नाही. ओटीजी केबल किंवा फोनला थेट लागणारा पेनड्राइव्ह मिळतो. त्यात '२०२५ एप्रिल बिले' अशा महिनावार नावाने कप्पे करून फाइली नकलून घ्याव्यात. संदेशांसाठी व्हॉट्सॲपमध्ये 'एक्सपोर्ट चॅट'ची सोय आहे, तिने एका माणसाशी झालेले बोलणे मजकुराच्या फाइलीत निघते. नकलून झाल्यावर पेनड्राइव्हवरच्या दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडता मूळ प्रत पुसणे म्हणजे नोटा न मोजता पेटी बंद करणे.

एकच पेनड्राइव्ह पुरे नाही, तो हरवतो. दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवता येते. तिथे १५ जीबी विनामूल्य मिळतात, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटो या तिघांत मिळून असतात. पूर्वी फोटो कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी या हिशेबात धरत नसत; २०२४ पासून तोही धरतात. त्यामुळे बॅकअपमध्ये व्हिडिओ घेणे बंद ठेवावे, म्हणजे १५ जीबी बराच काळ पुरतात.

व्यापाऱ्याशी होणाऱ्या बोलण्यात 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चालू आहे का, हेही पाहून घ्यावे. ते चालू असले तर संदेश २४ तासांनी, ७ दिवसांनी किंवा ९० दिवसांनी आपोआप नाहीसे होतात. गप्पांसाठी ठीक आहे. देण्या-घेण्याच्या बोलण्यासाठी मुळीच नाही.

मग पुसा, पण बटण वाचून

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' आहे. तिथे अनेकदा पुढे पाठवलेल्या आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या अशा फाइली वेगळ्या दाखवलेल्या असतात, आणि खाली कोणत्या बोलण्याने किती जागा खाल्ली त्याची उतरंड असते. सुरुवात नातेवाइकांच्या आणि मोहल्ल्याच्या ग्रुपपासून करावी, व्यापाऱ्यांपर्यंत शेवटी यावे. महत्त्वाच्या संदेशांना आधीच तारा लावून ठेवला असेल तर ते ओळखता येतात. एकदा पुसलेला जुना फोटो व्हॉट्सॲपकडून परत मिळेल अशी आशा धरू नये. पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागावा लागतो.

आता सर्वांत धोक्याची जागा. प्रत्येक ॲपच्या माहितीत दोन बटणे शेजारी-शेजारी असतात: 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा', जे काही फोनवर 'क्लिअर स्टोरेज' म्हणून येते. पहिल्याने ॲपने सोयीसाठी जमवलेला तात्पुरता माल जातो, हिशेब जात नाही. दुसऱ्याने ते ॲप जणू आजच घेतले आहे असे कोरे होते. व्हॉट्सॲपवर हे बटण दाबले तर फोनवरची संभाषणे जातात आणि बॅकअपमध्ये असेल तेवढेच परत येते. उधारीचे खाते लिहिण्याचे ॲप फक्त फोनमध्येच नोंद ठेवणारे असेल तर सगळी वही गेली. त्यातील आकडा मोठा दिसतो म्हणून मुले हेच बटण दाबतात. त्यांना आधी सांगून ठेवावे.

गूगल फोटोतही असाच एक खड्डा आहे. फोटो ऑनलाइन जमा झाल्यावर फोनमधील प्रत काढायची असेल तर 'फ्री अप स्पेस' किंवा 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' वापरावे. नुसते 'डिलीट' केले तर फोनवरून जातो तसा ऑनलाइनही जातो. ६० दिवस तो पेटीत असतो, नंतर नाही.

यूपीआयचे ॲप जागेसाठी काढले तर बँकेतील पैशाला धक्का लागत नाही. पुन्हा घालून त्याच सिमकार्डावरून ओळख पटवावी लागते. मात्र यूपीआय लाइट चालू असेल तर ॲप काढण्यापूर्वी ते बंद करून त्यातील शिल्लक खात्यात परत घ्यावी. गर्दीच्या दिवशी मात्र या ॲपला हातच लावू नये.

मेमरी कार्डाविषयी थोडे

फोनला कार्डाची खाच असेल तर कॅमेऱ्याचे फोटो थेट कार्डावर जातील असे सेटिंग करावे. ॲप मात्र बहुतेक अंतर्गत साठवणीतच राहतात, आणि व्हॉट्सॲपचे फोटोही तिथेच साठतात. ते अधूनमधून हाताने कार्डावर हलवावे लागतात. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्डच अंतर्गत साठवण म्हणून जोडण्याची सोय आली आहे. ती निवडली तर आधी कार्डावरचे सगळे पुसले जाते आणि नंतर ते कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही. फोन बिघडला की कार्डावरची बिलेही अडकली. धंद्याच्या फोनवर ही सोय न निवडलेली बरी. फुटपाथवर अर्ध्या किमतीत मिळणारे मोठ्या आकड्याचे कार्ड घेऊ नये. खोटा आकडा दाखवणारी कार्डे बाजारात फार आहेत, ती खरी जागा संपल्यावर पुढच्या फाइली गिळून टाकतात.

हे सारे एकदा करून भागत नाही. व्हॉट्सॲपमधील फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे बंद करावे, म्हणजे जे बोटाने उघडाल तेवढेच फोनमध्ये येईल. महिन्याच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढून आधीच्या महिन्याची बिले बाहेर न्यावीत आणि मेलेले फोटो पुसावेत. तरीही फोन भरलेलाच राहत असेल तर यंत्रणा आणि गरजेची ॲपच त्याला पुरून उरतात असे समजावे, आणि नवा फोन १२८ जीबीचा घ्यावा. दोनेक हजार रुपये जास्त गेले तरी चालेल. जुना फोन मात्र त्याच दिवशी बदल्यात देऊ नये. व्हॉट्सॲप, उधारीचे खाते आणि बिलांचे फोटो नव्या फोनवर उघडून पाहिल्यावरही तो महिनाभर गल्ल्यात ठेवावा, आणि मगच कोरा करून विकावा.