तो फोन वाजलाच नाही

शनिवारी सकाळी साडेनऊला सांगलीहून भावजयीचा फोन आला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. "ताई, याचा फोन कालपासून लागत नाहीये. खोलीवरही आला नाही म्हणतात." माझा भाचा तेव्हा चोवीस वर्षांचा होता, कॅलिफोर्नियात एम.एस. करत होता. आमचं घर फ्रीमाँटला, त्याचं विद्यापीठ तासाभराच्या अंतरावर. लेबर डेच्या सोमवारमुळे तीन दिवसांची सुट्टी होती. मित्रांबरोबर कुठे गेला असेल, चार्जर विसरला असेल, अशी मी तिची समजूत काढली. फोन ठेवला आणि माझेच हात कापायला लागले.

आधी तीन हॉस्पिटलं विचारून झाली. दुपारी बारा वाजता त्याच्या खोलीतल्या मुलाने चाचरत सांगितलं, की काल रात्री फ्रीवेवर अपघात झाला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. मुलांना हे पहाटेपासून माहीत होतं. आम्हाला सांगायची कुणाची हिंमत होत नव्हती.

भाच्याने दारू पिऊन गाडी चालवली होती. त्याने धडक दिलेल्या गाडीतल्या बाईंचा हात मोडला. त्या बाईंची चौकशी आधी करायला हवी होती आणि त्या दिवशी ती माझ्या मनातही आली नाही, याची मला आजही लाज वाटते. मी त्याची बाजू मांडायला हे लिहीत नाही. चूक करणाऱ्याच्या घरच्यांनी घाबरून आणखी चुका करू नयेत, म्हणून लिहिते आहे. त्या चार दिवसांत मी चार मोठ्या चुका केल्या.

पहिली चूक: चुकीच्या दारात उभी राहिले

मी त्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात फोन केला. "आमच्याकडे नाही," असं उत्तर मिळालं. मग त्याच्या काउंटीच्या तुरुंगाच्या यादीत नाव शोधलं. तिथेही नाही. यात तीन तास गेले.

आपल्याकडे मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, मानाचं पद. इथे शेरीफ निवडून येतो आणि काउंटीचा तुरुंग बहुतेक ठिकाणी त्याच्याच हाताखाली चालतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. खटला उभा राहायची वाट पाहणारे आणि छोटी शिक्षा भोगणारे लोक या तुरुंगात असतात. मोठ्या शिक्षेचे राज्याचे तुरुंग वेगळे, केंद्र सरकारचे त्याहून वेगळे. देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि सगळ्यांची मिळून एक यादी नाही. माणूस कुठे राहतो यावरून तुरुंग ठरत नाही, अटक कुठे झाली यावरून ठरतो. भाच्याची गाडी काउंटीची हद्द ओलांडून जेमतेम पाच मैल पुढे गेली होती. तो शेजारच्या काउंटीत होता.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की अटक नेमकी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या गावाजवळ झाली? नकाशावर काउंटी बघा आणि तिथल्या शेरीफच्या वेबसाइटवर कैद्यांचा शोध घ्या. नाव लगेच दिसलं नाही तरी धीर सोडू नका. ठसे, फोटो, सामानाची नोंद, तब्येतीची विचारपूस या सगळ्याला इथे बुकिंग म्हणतात. त्यात कित्येक तास जातात आणि ते होईपर्यंत यादीत नाव चढत नाही. 'वाइन' नावाची एक सेवाही बऱ्याच राज्यांत आहे. ती गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी १९९४ साली केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये सुरू झाली, पण माणूस कोठडीत आहे की सुटला हे तिथे कुणालाही बघता येतं.

दुसरी चूक: नाव आपल्या पद्धतीने शोधलं

शेजारच्या काउंटीच्या यादीतही तो सापडेना. मी त्याचं नाव आणि आडनाव टाकत होते. आपल्या कागदांवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असतं. तुरुंगातल्या नोंदीत वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं होतं. शेवटी फोनवरच्या डेप्युटीला, म्हणजे शेरीफच्या माणसाला, मी जन्मतारीख सांगितली आणि तीही आपल्या सवयीने, आधी दिवस, मग महिना. इथे महिना आधी धरतात. त्यांनी दुसरीच तारीख तपासली आणि "असा कुणी नाही," म्हणाले. मी महिन्याचं नाव उच्चारून पुन्हा सांगितलं, तेव्हा तो सापडला.

आपल्या माणसाला शोधताना आडनाव, वडिलांचं नाव आणि स्वतःचं नाव, तिन्ही आलटून पालटून आडनावाच्या रकान्यात टाकून बघा. पूर्ण नावाऐवजी पहिली तीन-चार अक्षरं टाका, म्हणजे स्पेलिंगची चूक आड येत नाही. सापडला की बुकिंग नंबर आधी लिहून घ्या. पुढे वकील, फोन, पैसे, भेट, पत्र, सगळीकडे तोच मागतात. आरोप कोणते, जामिनाची रक्कम किती, कोर्टाची तारीख कोणती आणि इमिग्रेशन खात्याने त्याच्यावर 'होल्ड', म्हणजे आपल्या ताब्यात देण्याची मागणी, लावला आहे का, हे चार प्रश्न त्याच फोनवर विचारा.

भाच्याला दमा आहे. त्याच्या पंपाचं नाव मी तुरुंगातल्या वैद्यकीय विभागाला कळवलं. घरचं औषध ते घेत नाहीत, पण माहिती नोंदवून घेतात. घाबरलेल्या अवस्थेत मला सुचलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट.

तिसरी चूक: फोन गप्प ठेवला होता

तुरुंगात बाहेरून फोन करून कैद्याशी बोलता येत नाही. तोच बाहेर फोन करू शकतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अटकेनंतर तीन तासांच्या आत तीन फोन करण्याचा हक्क मिळतो. मग याने कुणालाच का केला नाही, असं मला वाटत होतं. संध्याकाळी मी माझ्या फोनमधली यादी उघडली. रात्री दोननंतर एका अनोळखी नंबरावरून तीन फोन येऊन गेले होते. जाहिरातींचा त्रास नको म्हणून अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची सोय मी लावून ठेवली होती.

त्याचा मोबाइल पोलिसांनी काढून घेतला होता. त्याला दोनच नंबर पाठ होते, सांगलीच्या घरचा आणि माझा. सांगलीला तिथून फोन लागेना. माझा नंबर विद्यापीठाच्या फॉर्मांवर लिहून लिहून त्याच्या डोक्यात बसला होता. तो माझ्यावर विसंबून होता आणि माझा फोन वाजलाच नाही.

हे फोन चालवणाऱ्या खासगी कंपन्या असतात. मोबाइलवर फोन यायचा तर बहुधा त्या कंपनीकडे आधी खातं उघडून पैसे भरावे लागतात. कोणती कंपनी ते शेरीफच्या वेबसाइटवर असतं. या फोनचे दर फार चढे असत. वॉशिंग्टनमधल्या मार्था राइट या अंध आजींना तुरुंगातल्या नातवाशी बोलणं परवडेना, म्हणून त्या २००० साली कोर्टात गेल्या. या दरांबाबतचा, त्यांचं नाव असलेला कायदा २०२३ च्या जानेवारीत झाला, तोवर त्या हयात नव्हत्या. सॅन फ्रान्सिस्को काउंटीने तर २०२० साली हे फोन मोफतच केले. जिथे ते मोफत नाहीत तिथे खातं उघडणं हे घरच्यांचं पहिल्या तासातलं काम आहे.

चौथी चूक: मराठीत विचारलं

रविवारी सकाळी फोन आला. हा फोन तुरुंगातून आहे आणि ध्वनिमुद्रित होतो आहे, असं यंत्राच्या आवाजाने सुरुवातीलाच सांगितलं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. "आत्या," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. मी विचारलं, "किती प्यायला होतास? खरं सांग." आम्ही मराठीत बोलतो आहोत, कुणाला कळणार, असं मला वाटलं. त्याने सगळं सांगितलं. किती प्यायला, कुठे, मित्र गाडी चालवू नको म्हणत असतानाही किल्ली कशी घेतली, ते सगळं.

दोन महिन्यांनी सरकारी वकिलांकडून आलेल्या कागदांत आमच्या वकिलाने मला एक पान दाखवलं. त्यावर माझा प्रश्न होता आणि त्याखाली त्याचं उत्तर, दोन्ही इंग्रजीत भाषांतर करून. आमचे वकील शांतपणे म्हणाले, की पोलिसांपुढे गप्प बसण्याचा हक्क त्याने नीट वापरला होता. जे तो त्यांना बोलला नाही, ते मी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

तुरुंगातला फोन, व्हिडिओवरची भेट, काचेपलीकडची भेट, पत्र, यांतलं काहीही खासगी धरू नका. खासगी बोलणं फक्त वकिलाशी. तुम्ही फोनवर एवढंच म्हणा: तुझी तब्येत कशी आहे? आम्हाला कळलं आहे, वकील बघतो आहोत. काय घडलं ते वकिलाशिवाय कुणाला सांगू नकोस, मलाही नाही. तो स्वतःहून सांगायला लागला तर थांबवा. दुसऱ्या कुणाला त्याच फोनवर जोडूनही घेऊ नका. बहुतेक तुरुंगांत ते नियमाबाहेर आहे. आईचा आवाज ऐकवायचा मोह मी त्या एका वेळी आवरला, म्हणून फोन तुटला नाही.

पुढचे दिवस

कॅलिफोर्नियात रविवार आणि सुट्टी वगळून ४८ तासांच्या आत न्यायाधीशांसमोर उभं करतात. आमच्या नशिबी लेबर डे आला, त्यामुळे मंगळवार उजाडला. वकील परवडत नसेल तर सरकार देतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या 'गिडियन' निकालापासून गंभीर गुन्ह्यांत तो हक्क सर्व राज्यांत आहे. हे सरकारी वकील कमी दर्जाचे असतात, असं समजू नका. लवकर सुटायचं म्हणून गुन्हा कबूल करून टाकू, असं मात्र कुणी म्हणालं तर थांबा. व्हिसावर असलेल्या माणसाची अशी कबुली त्याला देशाबाहेर काढू शकते. तो धोका समजावून सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली 'पडिया' खटल्यात ठरवलं. दारूच्या प्रकरणात तर नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्या.

जामीन देणारे एजंट कॅलिफोर्नियात साधारणपणे रकमेच्या दहा टक्के घेतात आणि ते पैसे परत मिळत नाहीत. इमिग्रेशनचा होल्ड असेल तर पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा. जामिनावर सुटलेला माणूस दारातूनच त्या खात्याच्या ताब्यात जाऊ शकतो. तसं झालं तर त्याचं नाव काउंटीच्या यादीतून जातं आणि इमिग्रेशन खात्याच्या वेगळ्या यादीत शोधावं लागतं. तिथे जन्मदेश लागतोच आणि त्याबरोबर ए-नंबर, म्हणजे त्या खात्याचा नोंदणी क्रमांक, किंवा कागदावर असेल तसंच तंतोतंत नाव.

१९६३ च्या व्हिएन्ना कराराने परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क दिला आहे. पण भारतीयाच्या बाबतीत तसं आपोआप कळवलं जात नाही, त्याने स्वतः मागणी करायची असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वकिलातीला आपणही कळवू शकतो. ते खटला लढत नाहीत, फी भरत नाहीत. वकिलांची नावं देतात, भेटीची परवानगी मागतात, घरच्यांशी दुवा ठेवतात. परमुलखात तेवढा आधारही मोठा असतो.

मुक्काम लांबला तर पत्रावर पूर्ण नाव आणि बुकिंग नंबर घाला, साधा कागद वापरा, स्टिकर किंवा अत्तर नको. पुस्तक पाठवायचं तर बहुतेक ठिकाणी नवं, कागदी बांधणीचं आणि थेट प्रकाशकाकडून किंवा दुकानातून गेलेलंच घेतात. भेटीला ओळखपत्र न्या आणि कपड्यांचे नियम आधी वाचा. आणि "तुमचा मुलगा पकडला आहे, गिफ्ट कार्डाने पैसे भरा," असा फोन आला तर ती फसवणूक आहे. फोन ठेवा आणि तुरुंगाचा नंबर स्वतः शोधून खात्री करा.

मंगळवारी न्यायाधीशांनी अटी घालून भाच्याला सोडलं. खटला वर्षभर चालला. शिक्षा झाली, भरपाई झाली, त्याने ती मान खाली घालून स्वीकारली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला टोचतो तो माझा एक प्रश्न, जो मी विचारायला नको होता.

मुलं परदेशी निघतात तेव्हा आपण लोणची, मेतकूट, औषधं बांधून देतो. त्याबरोबर एक कागद द्या. त्यावर तिथल्या एका विश्वासू माणसाचा नंबर लिहा आणि तो मुलाकडून पाठ करून घ्या, पाढ्यासारखा. पासपोर्टची, व्हिसाची प्रत, लायसन्सवर नाव कसं लिहिलं आहे ते आणि औषधांची यादी घरी ठेवा. आणि तुम्ही तो विश्वासू माणूस असाल, तर आज रात्री झोपण्याआधी फोनमधली ती सोय बंद करा. अनोळखी नंबर आला तरी उचला. पलीकडे आपलं माणूस असेल तर त्याला धीर द्या आणि काय घडलं ते विचारू नका.