टांगलेल्या स्पीकरचा भार : हिशोब कसा करावा?

ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याच्या धंद्यात आमचे बरेच वाचक आहेत. पूर्वी खांबाला कर्णा बांधला की काम भागत असे. आता अर्धा-अर्धा टन वजनाचे स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यावर टांगले जातात. हुकावर भार किती, असे विचारले की पुष्कळ जण वजनाला हुकांच्या संख्येने भागून मोकळे होतात. हा भागाकार कुठे फसवतो ते पाहू.

आधी वजन पुरते मोजावे. ४५ किलोच्या ८ पेट्या म्हणजे ३६० किलो. वरची लोखंडी फ्रेम ४०, साखळीसह चेन ब्लॉक ५०, केबल व शॅकल ३०. एकूण ४८० किलो. केबल धरायला विसरण्याची खोड जुनीच आहे.

समजा, हे वजन दोन बाजूंच्या तुळयांना वायर रोप बांधून मधोमध टांगायचे आहे. वायरी उभ्या असत्या तर प्रत्येकीवर २४० किलो आले असते. पण त्या तिरक्या आहेत, म्हणजे वजन उचलता उचलता एकमेकींनाही ओढत आहेत. कोन मोजायचे साधन नसले तरी फुटपट्टीवर भागते : वायरची लांबी भागिले तिच्या दोन टोकांमधील उभी उंची, गुणिले निम्मे वजन. लांबी ४ मीटर व उंची २ मीटर असेल, तर २४० ची दुप्पट, म्हणजे एकेका वायरवर पुरते ४८० किलो! त्या वेळी दोन वायरींमध्ये १२० अंशांचा कोन असतो. ९० अंशांना हाच भार ३४० किलो असतो, तर १५० अंशांना ९२७. छत ठेंगणे आहे म्हणून वायर आखूड करणारा कारागीर नकळत हेच करतो. शिवाय तुळयाही आत ओढल्या जातात; १२० अंशांना हा आडवा ओढा प्रत्येक बाजूस ४१६ किलो होतो.

आता वायरची ताकद. प्रमाणपत्रावर तुटण्याचा भार ५,००० किलो आहे असे धरू. टोकाला कारखान्यात दाबून बसवलेल्या फेरूलमुळे त्यातले सुमारे ९० टक्के, म्हणजे ४,५०० हाती राहतात. खाली माणसे बसणार असल्याने आम्ही त्याचा दहावा भागच वापरतो : ४५० किलो. म्हणजे ९० अंशांना ही वायर चालेल, १२० ला चालणार नाही. वायर तीच, वजनही तेच. (दोरीला गाठ मारून टांगणाऱ्यांनी ताकद निम्म्यावर आली असे समजावे.)

तीन चेन ब्लॉकवरच्या ट्रसचा प्रकार याहून फसवा. अखंड ट्रसवर ६०० किलो सारखे पसरले असले, तरी तिघांवर दोनदोनशे येत नाहीत. मधल्यावर ३७५ आणि टोकांना ११२.५ येतात. मधला ब्लॉक जरा जास्त ओढला गेला, तर जवळजवळ सगळे वजन तो एकटाच पेलतो. म्हणून उचलताना तिन्ही ठिकाणी एकेक माणूस पाहिजे.

जादा सुरक्षा वायर लावताना ती ढिली सोडू नये. भार एकदम पडला तरी क्षणभर दुप्पट होतो आणि ढिलाईइतके वजन खाली येऊन अडकले तर त्याहूनही जास्त.

हॉलची तुळई एवढे पेलेल का, हे मालकाच्या तोंडी शब्दावर ठरवू नये. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी दाखला घ्यावा व त्याची फी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवावी. गिऱ्हाईक घासाघीस करील. ती भाड्याच्या रकमेत करू द्यावी.