माझ्या नावावरचा जबाब

‘गाडी सुटल्यावर घाईघाईने चढत असताना माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पाय घसरून पडले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’

ही दोन वाक्यं मी कधी बोललेच नाही. तरी सरकारी कागदावर ती माझ्या नावाने आहेत आणि खाली माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. मुलांना अक्षरं गिरवायला शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली, आणि माझाच अंगठा! उजवा हात प्लास्टरमध्ये होता, इंजेक्शनची गुंगी होती, आणि जबाब घ्यायला आलेल्या हवालदारांना ते काम त्याच संध्याकाळी हातावेगळं करायचं होतं. ‘बाई, नुसती फॉर्मॅलिटी आहे,’ असं म्हणून त्यांनी शाईचं पॅड पुढे केलं. वाचून दाखवलं नाही. आमचे हे तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते.

झालं होतं ते असं. कराड-सांगलीच्या मधल्या एका लहान स्टेशनावर मी नेहमीच्या पॅसेंजरमध्ये चढत होते. गाडी उभी होती. उजवा पाय पायरीवर, डावा फलाटावर. दारात दुधाचे कॅन आणि त्यांना टेकून माणसं. आतून कोणीतरी उतरायला धडपडलं, त्याचा धक्का बसला आणि त्याच क्षणी गाडीला हिसका बसला. डावा पाय फटीत गेला. हात मोडला तो पडताना. पायाची तीन बोटं काढावी लागली. शुद्धीवर होते तोवर सगळं आठवतं आहे, आणि गाडी उभी होती हे तर शपथेवर सांगितलं आहे, पुढेही सांगेन.

आपल्या पुणे-मिरज मार्गावर रोजचं अप-डाऊन करणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. मिनिट-दोन मिनिटांचा थांबा, जनरलचे डबे टोकाला, तिथवर धावेपर्यंत सिग्नल पडलेला. उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. लहान स्टेशनांवर बहुतेक ठिकाणी तो त्याहून खाली असतो, म्हणजे साडी नेसलेल्या बाईला गुडघा छातीशी आणून चढावं लागतं. पडणाऱ्याला सगळे बेफिकीर ठरवतात. फलाटाची उंची मात्र कोणी मोजायला जात नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळणारी माणसं लोकलमधून पडून मेली, तेव्हाही पहिल्या दिवशी चर्चा झाली ती त्यांच्या लटकण्याचीच.

दवाखान्यातून घरी आल्यावर हे स्टेशनवर चौकशीला गेले. तिथल्या साहेबांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, ‘मिसेस पडल्या तुमच्या, आणि पैसे रेल्वेने द्यायचे? अपघात म्हणजे गाडी घसरली पाहिजे, नाहीतर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या पाहिजेत.’ ह्यांचा त्यावर विश्वास बसला. माझाही बसला असता. गावात ज्याला त्याला विचारलं, तोही हेच म्हणाला. आज मला त्या साहेबांचा राग येतो तो एवढ्याचसाठी की ज्या खात्यात पगार घेता, त्या खात्याचा कायदा तुम्हाला माहीत असायलाच हवा होता. आणि माहीत असून असं बोलला असाल, तर त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

कायदा असा आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १२४ मध्ये टक्कर, गाडी रुळावरून घसरणं असे अपघात येतात. पण १९९४ मध्ये त्यात कलम १२४-अ घातलं गेलं. त्यानुसार प्रवासी गाडीतून प्रवासी अपघाताने पडला, गाडीत किंवा फलाटावर दरोडा, दंगल, अतिरेकी हल्ला झाला, तरी रेल्वेला भरपाई द्यावी लागते. चूक रेल्वेची होती की नव्हती, हा प्रश्नच तिथे येत नाही. भरपाई नाकारता येते ती मोजक्याच कारणांनी: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, आणि नैसर्गिक आजार. या यादीत निष्काळजीपणा नाही. पुन्हा लिहिते, नाही. गाडीत चढताना पडणं हेही या कलमात बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रभाकरन विजया कुमार खटल्यात सांगितलं. दारात बेफिकिरीने उभा राहून पडला तरी तो गुन्हा नव्हे, असं २०१० मध्ये जमीला खटल्यात. आणि रीना देवी खटल्यात २०१८ मध्ये तर स्वच्छ म्हटलं की चढता-उतरता झालेली इजा भरपाईस पात्र आहे, आणि मुद्दाम केलेल्या इजेसाठी तसा हेतू लागतो, हलगर्जीपणा पुरत नाही.

हे सगळं मला कळलं ते फार उशिरा, एका वकीलबाईंमुळे. त्यांच्याआधी एक मध्यस्थ घरी येऊन गेला होता. ‘वहिनी, तुम्हाला मुंबईला यायचीसुद्धा गरज नाही, इथे आणि इथे सही करा,’ म्हणाला. दोन्ही कागद कोरे होते. वाटा विचारल्यावर म्हणाला, निम्मा. माझ्या थोरल्या दादांनी त्याला अंगणातूनच वाटेला लावलं. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या कागदावर, बँकेच्या फॉर्मवर सही करायची नाही. सख्ख्या भाच्याने आणला तरी नाही.

दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणात चालतो. आपल्या भागाला त्याचं मुंबई खंडपीठ. तिकीट जिथे काढलं ते ठिकाण, अपघाताची जागा, उतरायचं स्टेशन किंवा दावेदाराचं राहतं गाव यांतल्या कशावरूनही खंडपीठ ठरतं. जखमीच्या दाव्याला फी लागत नाही. मुदत अपघातापासून एक वर्ष. त्यानंतर उशिराचं सबळ कारण दाखवलं तर न्यायाधिकरण माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नये. महालक्ष्मीने रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, पायाला पट्टी असताना पुलांचे जिने चढायचे. ज्या गाडीच्या दाराची भीती बसली, तिच्याच दारातून तारखेला जायचं. हे सोसायची तयारी ठेवा.

आता अशाच एका तारखेच्या दिवसाबद्दल. रेल्वेचा लेखी जबाब आला होता. वकीलबाई तो कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून वाचत होत्या आणि मी त्यांचा चेहरा वाचत होते. पहिला मुद्दा, अर्जदाराजवळ तिकीट सापडलं नाही, सबब ती अधिकृत प्रवासी नव्हती. दुसरा मुद्दा, इजा तिने स्वतःच्या कृत्याने करून घेतली. पुरावा म्हणून जोडलेला कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी पहिल्यांदा अंगठा ओळखला. बोटाला शाई जास्त लागल्यामुळे ठसा पसरला होता आणि एका कडेला प्लास्टरचा पांढरा कण चिकटलेला, झेरॉक्समध्येही दिसत होता. मग वरची ती दोन वाक्यं वाचली. माझ्या तोंडी घातलेलं वाक्य माझ्याविरुद्ध पुरावा होऊन परत आलं होतं. मला रडू आलं नाही. अंग थरथरायला लागलं. चार माणसांसमोर कोणी आपल्याला खोटं पाडावं आणि तेही आपल्याच अंगठ्याने, याचा संताप आजही गेलेला नाही. त्या हवालदारांना मी दोष देते. ते घाईत असतील, त्यांच्याकडे माणसं कमी असतील, मान्य. पण बाई शिकलेली आहे, डाव्या हाताने वाकडीतिकडी का होईना सही करू शकते, एवढं तरी विचारायचं होतं. आणि ‘तक्रार नाही’ हे तर मला विचारल्याशिवाय लिहायचंच नव्हतं.

जबाबाच्या बाबतीत म्हणून माझं सांगणं अगदी ठाम आहे. जखमीजवळ एक शहाणं माणूस सतत बसवा, औषधं आणायला दुसऱ्याला पाठवा. गुंगी असेल तर ‘डॉक्टरांनी जबाब द्यायला योग्य आहे असं लिहून दिल्याशिवाय नको’ असं नम्रपणे पण स्पष्ट सांगा. लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्या. गाडी उभी होती की हलली, हे तुमच्याच शब्दांत आलं पाहिजे. ‘निष्काळजीपणा’ आणि ‘तक्रार नाही’ हे दोन्ही दिसले तर खोडून घ्या. जबाब चुकीचा गेलाच असेल तर दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याला दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच. तोंडी ‘बघतो’ला काही किंमत नाही.

तिकिटाचं म्हणाल तर माझा पास पर्समध्ये होता आणि पर्स गर्दीत गेली ती गेलीच. रीना देवी निकालात हेही आहे की तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून माणूस विनातिकीट ठरत नाही. प्रतिज्ञापत्र दिलं की शाबितीचं ओझं रेल्वेवर जातं. माझ्या कामी आले ते जुने पास. घरात डब्यात ठेवले होते, एकाला लागून एक महिन्यांचे. त्यावरून रोजचा प्रवास दिसला. त्या दिवशी ज्या सहप्रवासी बाईने ओढणी फाडून माझा पाय बांधला, ती रोजंदारी बुडवून मुंबईला साक्षीला आली. तिच्यापुढे मी हात जोडले, आजही जोडते. तेव्हा पास फेकू नका, मोबाइलवर तिकीट काढत असाल तर त्याचा फोटो घरच्या कोणाच्या तरी फोनवर असू द्या, आणि मदतीला धावलेल्या माणसाचं नाव-नंबर त्याच दिवशी लिहून घ्या.

बाकी कागद नेहमीचेच: दवाखान्याचे केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं, आणि अवयव गेला असेल तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. पण स्टेशन मास्तरांनी पोलिसांना दिलेल्या मेमोची नक्कल विसरू नका, आणि फलाटावर कॅमेरा असेल तर चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या, कारण ते पुसलं जातं. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन केला असेल तर तक्रार क्रमांक जपा.

पैशाची कल्पना आधीच असावी, म्हणजे नंतर मन कडू होत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यू आणि सर्वांत गंभीर अपंगत्वाला ८ लाख रुपये ठरलेले आहेत, त्याखालच्या इजांचा तक्ता आहे. बिल किती झालं, नोकरी किती बुडाली, याच्याशी त्या तक्त्याचा संबंध नाही. माझा निकाल माझ्या बाजूने लागला, रक्कम दवाखान्याच्या खर्चापेक्षा कमी आली. अपघातानंतर रेल्वे जाहीर करते ते सानुग्रह अनुदान वेगळं. सप्टेंबर २०२३ पासून गाडीच्या अपघातात मृताच्या वारसांना ५ लाख, गंभीर जखमीला अडीच लाख, किरकोळ जखमीला ५० हजार. अतिरेकी हल्ला, दरोडा यांसारख्या अनुचित घटनांत ते दीड लाख, ५० हजार आणि ५ हजार. ते घेतल्याने दाव्याचा हक्क जात नाही. ऑनलाइन आरक्षण करताना पैशांत मोजण्याएवढा हप्ता भरून विमा मिळतो, मृत्यूला १० लाख, इस्पितळाच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. खिडकीवरच्या तिकिटाला आणि पासाला तो नाही. वारसाचं नाव भरायला नंतर दुवा येतो, तो बहुतेक जण उघडतच नाहीत.

रूळ ओलांडणाऱ्याला मात्र १२४-अ चा आधार नाही, कारण तो गाडीतून पडलेला नसतो. आता आपल्या मार्गावर विजेची इंजिनं धावतात, जवळ येईपर्यंत आवाज येत नाही. पादचारी पूल लांब आहे म्हणून म्हाताऱ्या माणसांना रुळातून नेऊ नका. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेली माणसं शेजारच्या रुळावरच्या गाडीखाली सापडली. फाटकात वाहनाला धक्का बसला तर तो मामला वेगळा, त्यासाठी जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा रस्ता वकिलाला विचारा.

वकील परवडत नसेल तर सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येतं, आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर तेच रेल्वेही करू शकते. तेवढे दिवस मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका.