पेशीचा सांगाडा, कळलावीचे विष आणि वैद्याची जबाबदारी

विषयप्रवेश

वरोरा-भद्रावती परिसरातील वैद्यास दोन गोष्टी नित्य परिचयाच्या आहेत. एक म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा आणि तो चघळणाऱ्यांच्या गालातील न भरणारा व्रण. दुसरी म्हणजे पावसाळ्यात कुंपणावर व जंगलकाठाला फुलणारी कळलावी, अर्थात आपल्या उपविषवर्गातील लांगली. वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या या दोन गोष्टी पेशीच्या सूक्ष्म सांगाड्यापाशी एकत्र येतात. त्या संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सांगाड्याचे तीन घटक

पेशी म्हणजे द्रवाने भरलेली नुसती पिशवी नव्हे. तिच्यात प्रथिनांच्या तंतूंची तीन जाळी असतात. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या, अ‍ॅक्टिनचे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे आणि केराटिनादी मध्यम तंतू सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे असतात. सूक्ष्मनलिका व अ‍ॅक्टिनचे तंतू सतत जुळतात व सुटतात. या चंचलतेवरच पेशीचे विभाजन व चलन अवलंबून असते.

विभाजन आणि वनस्पतिज द्रव्ये

विभाजनाच्या वेळी सूक्ष्मनलिकांपासून सूतकताईच्या चातीसारखी रचना तयार होते. ती गुणसूत्रांच्या जोड्या ओढून दोन्ही ध्रुवांकडे समान वाटते. ही वाटणी चुकल्यास गुणसूत्रांची संख्या बिघडते व कर्करोगपेशी अधिक बेबंद होतात. शेवटी अ‍ॅक्टिनचे वलय आवळले जाऊन एका पेशीच्या दोन होतात.

कळलावीच्या कंदात व बीजात कोल्चिसिन असते. ते ट्युब्युलिनला चिकटते, त्यामुळे नलिका जुळत नाहीत व विभाजन मध्येच थांबते. किंबहुना १९६७ साली बोरिसी व टेलर यांनी कोल्चिसिन कशाला चिकटते याचा शोध घेतला, तेव्हाच हे प्रथिन हाती लागले. सदाफुलीतील व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन याच प्रथिनावर कार्य करतात. पॅक्लिटॅक्सेल मात्र उलट मार्गाने नलिका सुटूच देत नाही. परिणाम एकच, पेशी विभाजनात अडकते.

मग कळलावी हे कर्करोगाचे औषध का नाही? कारण कोल्चिसिनची उपयुक्त मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. ते रोगी पेशी आणि आतडे, अस्थिमज्जा व केशमूल यांतील निरोगी विभाजनशील पेशी यांत भेद करीत नाही. म्हणूनच या विषबाधेत प्रथम वमन-अतिसार, नंतर रक्तपेशींचा ऱ्हास आणि वाचलेल्या रुग्णात पुढे केशपात असा क्रम दिसतो.

प्रसार

अर्बुद एका जागी असते तोवर शस्त्रकर्मास वाव असतो. पेशी चालू लागली की चित्र पालटते. ती शेजारच्या पेशींशी असलेले बंध सैल करते, अ‍ॅक्टिनच्या बळावर पुढे पाय काढते, आधारपटल भेदते आणि लसिकावाहिनीतून मानेच्या ग्रंथींपर्यंत पोहोचते. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अध्यर्बुद व द्विरर्बुद सांगितले आहेत. त्यांचे आधुनिक प्रसाराशी पूर्ण ऐक्य मानणे घाईचे ठरेल. मात्र पुन्हा वा अन्यत्र उद्भवणारे अर्बुद पूर्वाचार्यांच्या दृष्टीतून सुटले नव्हते, हे निश्चित.

मुखकर्करोगाविषयीचे महत्त्वाचे कार्य महाराष्ट्रातच झाले आहे. खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक संस्थेतील डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुखकर्करोगाच्या पेशींतील केराटिन ८ व १८ प्रयोगशाळेत घटविले. तेव्हा त्या पेशींचे चलन, आक्रमण व अर्बुद निर्माण करण्याची क्षमता कमी झाली. केवळ आधार देणारे मानले गेलेले तंतू प्रसारातही भाग घेतात, असे त्यातून दिसले.

व्यवहारातील बोध

१. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे किंवा मानेत कठीण गाठ दिसल्यास गंडूष-प्रतिसारणात काळ न घालविता रुग्णास ऊतक-तपासणीसाठी पाठवावे. खर्रा त्याच दिवशी सोडावयास सांगावा. आपला एक महिना म्हणजे त्या पेशीची वाटचाल होय.

२. सदाफुलीच्या पानांचा रस कर्करोगावर देऊ नये. व्हिन्क्रिस्टिन हे शुद्ध स्वरूपात, मोजून, केवळ शिरेतूनच देण्याचे द्रव्य आहे.

३. त्या उपचारात हातपाय बधिर झाल्यास तो केवळ वातव्याधी समजू नये. मज्जातंतूंतील वहनही सूक्ष्मनलिकांवरच चालते. कर्करोगतज्ज्ञास कळवूनच पुढील चिकित्सा करावी.

४. औषधी विक्रेत्यांनी लक्षात ठेवावे की लांगली औषध नियम १९४५ च्या अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहे. कंद इतर कंदांपासून वेगळा, नावाची चिठ्ठी लावून ठेवावा. सुटे चूर्ण वैद्याच्या सूचनेविना देऊ नये. शोधनाने विष पूर्ण निघाले असे गृहीत धरू नये. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

उपसंहार

युक्तीने योजिले तर विषही औषध होते, ही आपली परंपरागत शिकवण आहे. त्या युक्तीत मात्रा, मार्ग आणि काळ तिन्ही येतात. मुखातील संशयित व्रणाच्या बाबतीत वैद्याच्या हाती सर्वाधिक असतो तो काळ. तो वाया जाऊ न देणे हीच खरी चिकित्सा होय.