पत्र्याची टाकी आत का चेपते?

पाणी, मळी अथवा काकवी साठविण्याची पत्र्याची टाकी फुटू नये याची काळजी आपण घेतो. परंतु भरलेली टाकी फुटण्यापेक्षा रिकामी होणारी टाकी आत चेपण्याचा धोका अधिक, हे सहसा ध्यानात येत नाही.

गोल टाकीत द्रव भरला की पत्रा सर्व बाजूंनी ताणला जातो आणि ताण सोसण्यात लोखंड पटाईत आहे. बाहेरून दाब आला की मात्र तोच पत्रा एखाद्या पोचा पडलेल्या जागी क्षणात आत वळतो. पत्र्याची जाडी निम्मी केली तर ताण सोसण्याची ताकद निम्मी होते. बाहेरचा दाब सोसण्याची ताकद एकपंचमांशाच्याही खाली जाते. स्वस्त टाकी विकणारा हा हिशेब सांगत नाही.

हा दाब हवेचाच. तो दर चौ. मीटरला सुमारे १० टन असतो. आतबाहेर सारखा असल्याने जाणवत नाही. समजा, झाकण घट्ट आहे, हवानळीत कुंभारीण माशीने घर केले आहे आणि पंपाने उपसा चालू आहे. आतील दाब पाण्याच्या अवघ्या १० सें.मी. उंचीइतका घटला तरी दर चौ. मीटरवर १०० किलो भार येतो. २ मीटर व्यासाच्या टाकीच्या छतावर तो ३०० किलोंहून अधिक, म्हणजे चार-पाच माणसे उभी राहिल्यासारखे होते. उन्हात तापलेल्या बंद टाकीवर वळिवाची सर आली तरी हेच घडते. आतील हवा ६० अंशांवरून ३० अंशांवर आली की दाब सुमारे ९ टक्के उतरतो, म्हणजे दर चौ. मीटरला ९०० किलो! दुधाची टाकी वाफेने धुऊन लगेच बंद करणे तर सर्वांत वाईट, कारण वाफेचे पाणी होऊन आत पोकळी उरते.

म्हणून हवानळी उपसा करणाऱ्या नळापेक्षा लहान नसावी. तिला जाळी बसवावी व ती दर महिन्याला साफ करावी. उपसा सुरू करण्यापूर्वी झाकण उघडावे. उंच टाकीस बाहेरून लोखंडी कोनपट्टीची कडी जोडून घ्यावीत. वादळी वाऱ्याच्या दिवसांत टाकी अगदी रिकामी ठेवू नये.

पत्रा आत ओढला जाताना दिसल्यास प्रथम पंप बंद करावा, मग झाकण हळूहळू सैल करावे. चेपलेली टाकी काँप्रेसरच्या हवेने फुगवू नये. सांधा फुटून जीवावर बेतेल. पोचा बाहेर आला तरी वळी पडलेला पत्रा तेथे कमजोरच राहतो. तेवढा भाग कापून नवा जोडावा.